पहिल्या दिवसाच्या परीक्षणात काय नव्हतं : वहीतली नवी नोंद

मागच्या नोंदीनंतर वहीत तीन कॅमेऱ्यांची भर पडली आणि एक रकाना खोडून मी त्याचे तीन केले. रकान्यांचं जरा पुढे सांगते, आधी नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात पार्श्वभूमी.

नवा कॅमेरा जाहीर होतो त्याच मिनिटाला डझनभर परीक्षणं एकदम बाहेर पडतात. कंपनीने आधीच काही जणांच्या हाती कॅमेरा दिलेला असतो, गुप्ततेच्या करारावर सही घेतलेली असते आणि अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही असं ठरलेलं असतं. हा एम्बार्गो आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. पण वेळेच्या अटीबरोबर मजकुराच्याही अटी येतात आणि मी त्यांच्याच मागे लागले आहे. रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न झालेली माहिती) द्यायची नाही. पूर्ण आकाराचा जेपेग द्यायचा नाही. चित्राच्या दर्जावर अंतिम मत द्यायचं नाही. दुसऱ्या कंपनीच्या बॉडीशी (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याशी) तुलना करायची नाही. सगळ्याच अटी दर वेळी नसतात, कंपनीगणिक आणि कॅमेऱ्यागणिक बदलतात. बरेचदा त्या वाचकाला कळतही नाहीत, कारण त्या छापल्याच जात नाहीत.

म्हणून मी उलट्या बाजूने जाते. पहिल्या दिवशीची परीक्षणं वाचायची, त्यांत काय नाही ते टिपायचं, पान बंद करायचं. सहा महिन्यांनी तेच पान उघडून, कॅमेरा लोकांच्या हाती गेल्यावर काय बाहेर आलं ते शेजारी लिहायचं.

हे सुरू झालं ते एका फसलेल्या खरेदीतून. बरेच महिने पैसे साठवून मी एक बॉडी विक्रीच्या पहिल्याच दिवशी घेतली. सगळ्या परीक्षणांतले फोटो सुरेख होते. पहिल्याच आठवड्यात मावळतीसमोर फोटो काढले आणि फ्लेअर (लेन्समध्ये उजेड पसरून येणारा धूसरपणा) जिथे पसरला होता तिथे बारीक आडव्या रेघा दिसल्या. फोकस साधण्यासाठी सेन्सरवरच बसवलेल्या फेज डिटेक्शनच्या ओळींवरून उजेड वेगळ्या तऱ्हेने परततो आणि त्या ओळी चित्रात उमटतात, हे मला नंतर समजलं. मी पुन्हा ती सगळी परीक्षणं उघडली. एकातही सूर्यासमोरचा फोटो पूर्ण आकारात नव्हता. खोटं कुणीच बोललेलं नव्हतं. पण मला जे पाहायला हवं होतं ते कुणी दाखवलं नव्हतं, आणि ते दाखवलेलं नाही हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

आता ‘पूर्ण आकाराचा फोटो नाही’ ही अट एवढी महत्त्वाची का, तर थोडं गणित. कॅननच्या ईओएस आर5चा फोटो 8192 पिक्सेल रुंद असतो. तो 2048 पिक्सेल रुंद करून दाखवला, तर रुंदीत चार आणि उंचीत चार, म्हणजे मूळचे सोळा पिक्सेल मिळून एक होतो. सोळा पिक्सेलांनी गोळा केलेला प्रकाश एकात आला की, फोटॉनच्या म्हणजे प्रकाशकणांच्या नॉइजपुरतं (चित्रातल्या खरखरीपुरतं) बोलायचं तर, आयएसओ (प्रकाशाच्या संवेदनशीलतेचा आकडा) 6400 चा फोटो पिक्सेलमागे आयएसओ 400 सारखा दिसू लागतो. छायेतले रंगीत ठिपके, पट्टे, नॉइज रिडक्शनने पुसून टाकलेला पोत, फोकस केसभर मागे गेलेला असणं, सगळं त्या आकुंचनात विरून जातं. छोट्या आकारात कुठल्याही दोन कॅमेऱ्यांतला फरक ओळखून दाखवणं अवघड आहे. मी स्वतः माझ्या जुन्या आणि नव्या बॉडीचे फोटो असे लहान करून मिसळले आणि आठवड्याने ओळखायला बसले. मला ते सांगता आले नाहीत.

त्यामुळे हल्ली पहिल्या दिवशीचा नमुना फोटो मिळाला की मी तो आधी डोळ्यांनी पाहतच नाही. फिल हार्वी यांच्या एक्झिफटूलमध्ये टाकते. एक्झिफ, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेली कॅमेऱ्याची माहिती, शाबूत असेल तर फर्मवेअरचा (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरचा) आकडा बघायचा. तो शून्याने सुरू होत असेल तर हा विक्रीतला कॅमेरा नव्हे, हे उघड आहे. मग सॉफ्टवेअरचा रकाना: तिथे एखाद्या एडिटरचं नाव असेल तर हा थेट कॅमेऱ्यातून निघालेला जेपेग नाही, वाटेत कुणाचा तरी हात फिरलाय. मग पिक्सेलमधली रुंदी, आयएसओ, शटर. आणि एक्झिफ सगळंच पुसलेलं असेल तर तेही लिहून ठेवायचं. या महिन्यात एका कॅमेऱ्याचे मी चाळीस नमुने असे तपासले. आयएसओ 3200 च्या वरचा एकही नव्हता, आणि लेखात मात्र ‘कमी उजेडात उत्तम’ असं वाक्य होतं. ते वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं आहे, सहा महिन्यांनी पडताळायला.

रॉ फाइलची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे दोष नेहमी कराराचाच असतो असं नाही. नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल उघडायला कन्व्हर्टरमध्ये (रॉ वरून फोटो बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) त्या मॉडेलची माहिती लागते आणि ती यायला वेळ जातो. काही जण फाइलमधलं मॉडेलचं नाव बदलून जुन्या कॅमेऱ्याच्या नावाने ती उघडतात. मीही करून पाहिलंय. फाइल उघडते, पण रंगांवर भरवसा ठेवू नका. छायेतले पट्टे बघायला मात्र चालून जातं.

आता रकाने. पूर्वी एकच होता: ‘लपवलं गेलं’. नंतर निघालेला प्रत्येक दोष मी त्यात टाकत होते. या वेळी जुनी गाजलेली प्रकरणं पुन्हा वाचायला घेतली आणि हे अन्यायाचं आहे असं लक्षात आलं.

निकॉनचा डी600 घ्या. सप्टेंबर 2012 मध्ये आला. वापरता वापरता सेन्सरवर डाग साचत गेले, विशेषतः फोटोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. फेब्रुवारी 2013 मध्ये कंपनीने त्याबद्दल सूचना काढली, ऑक्टोबरात डी610 आला आणि 2014 च्या फेब्रुवारीत वॉरंटी संपलेल्यांनाही सफाई आणि शटर बदलून देण्याची सोय मोफत केली. हे थोड्या दिवसांच्या उसन्या कॅमेऱ्यात कसं कळणार? डाग साचायला भरपूर फ्रेम जाव्या लागतात. करार कितीही मोकळा असता तरी पहिल्या दिवशी ते दिसलं नसतं. हा झाला एक रकाना: ‘दिसणं शक्यच नव्हतं’.

2012 चाच कॅननचा 5डी मार्क 3. मार्चमध्ये जाहीर झाला आणि एप्रिलमध्ये कंपनीने मान्य केलं, की गडद अंधारात वरच्या पडद्याचा दिवा लावला तर तो उजेड आत झिरपून एक्स्पोजरचं मोजमाप बदलतं. लेन्सला झाकण लावा, खोलीत अंधार करा, दिव्याचं बटण दाबा आणि मीटर हलतो का पाहा. मिनिटभराचं काम. त्याला ना रॉ फाइल लागते ना विक्रीतलं फर्मवेअर. हा दुसरा रकाना: ‘दिसलं असतं, पण कुणी तिथे पाहिलं नाही’.

लायकाचा एम8 मला याच रकान्यात टाकावासा वाटतो, जरी मन पूर्ण तयार नाही. 2006 चा कॅमेरा. सेन्सरसमोरचा अवरक्त गाळणारा थर फार पातळ होता, म्हणून काळं कृत्रिम कापड जांभळट दिसायचं. शेवटी कंपनीने मालकांना लेन्सवर लावायचे दोन फिल्टर मोफत दिले. काळा कोट घातलेला माणूस समोर उभा राहिला तरी कळण्यासारखी ही गोष्ट.

आणि मग तिसरा, खरा रकाना: ‘दिसलं असतं, पण दाखवायची किंवा तपासायची मुभा नव्हती’. इथे मी आता फक्त तीच नोंद करते जिच्यासाठी लेखकाने स्वतः अट लिहून ठेवली आहे. अंदाजाने काही टाकत नाही. त्यामुळे हा रकाना आकसला. मला वाटत होतं वही त्यानेच भरेल, तसं झालं नाही.

पण दुसऱ्या रकान्याकडे नीट बघितल्यावर मला थांबावं लागलं. कुणी पाहिलं नाही, कारण पाहायला वेळच नव्हता. कंपनीने ठरवलेल्या जागी, कंपनीने उभ्या केलेल्या दिव्यांखाली, कंपनीने आणलेल्या मॉडेलसमोर चार तास कॅमेरा हाती असेल, शेजारी पाचजण आपली पाळी येण्याची वाट बघत असतील, तर लेन्सला झाकण लावून अंधारात बसणार कोण? प्रदर्शनांत तर काचेबाहेर ठेवलेल्या कॅमेऱ्यातही बरेचदा आपलं मेमरी कार्ड घालू देत नाहीत. अशा वेळी ‘अमुक तपासू नका’ असं लिहून घ्यायची गरजच उरत नाही. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याच्या पानावर मी आता आणखी एक ओळ ठेवली आहे: कॅमेरा किती वेळ, कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली हाती होता. बहुतेक लेखांतून हे कळत नाही. जिथे कळतं त्या लेखकांबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि मी त्यांचंच आधी वाचते.

कंपन्यांची बाजूही मी मनापासून मांडते, कारण ती खोटी नाही. फर्मवेअर शेवटच्या आठवड्यांपर्यंत बदलत असतं. ऑटोफोकस, नॉइज रिडक्शन, जेपेगचे रंग हे त्या काळात खरोखर सुधारतात. अर्धवट फर्मवेअरवर कायमचा शिक्का बसला तर तो नंतर पुसता येत नाही. एम्बार्गोमुळे परीक्षकांनाही सवड मिळते. तो नसता तर कॅमेरा खोक्यातून निघाल्यापासून तासाभरात लिहिण्याची चढाओढ लागली असती. वेळेच्या बंधनाला माझा मुळीच विरोध नाही. विरोध आहे तो मजकुराच्या बंधनाला, आणि तोही ते वाचकापासून लपवलं तर. ‘रॉ तपासायला परवानगी नव्हती, जेपेग लहान करून दिले आहेत, कॅमेरा दोन दिवस होता’ एवढ्या तीन गोष्टी लेखाच्या डोक्यावर छापल्या तर माझी तक्रार संपली.

आर5चंच उदाहरण या बाबतीत मला शिकवून गेलं. फेब्रुवारी 2020 मध्ये कॅननने तो बनवत असल्याचं जाहीर केलं, 8के व्हिडिओचा गाजावाजा झाला. जुलैमध्ये प्रत्यक्ष कॅमेरा आला तेव्हा उष्णतेच्या मर्यादा समोर आल्या: 23 अंश सेल्सिअसला 8के चित्रण सुमारे वीस मिनिटं. हा आकडा कंपनीनेच दिला होता. ऑगस्टअखेर फर्मवेअर 1.1.0 ने त्यात थोडी सुधारणा केली. म्हणजे माहिती आली, पण पाच महिने लोकांनी फक्त ‘8के’ हे अक्षर ऐकून मन बनवलेलं होतं. त्या पाच महिन्यांचं पान माझ्या वहीत सगळ्यात लांब आहे.

आता या महिन्यातलं खरं काम, रोलिंग शटर, म्हणजे सेन्सर एकदम न वाचता ओळीओळीने वाचला जाणं. सेन्सर वरपासून खालपर्यंत वाचायला किती वेळ लागतो हा आकडा कंपन्या तपशीलपत्रकात सहसा देत नाहीत. इलेक्ट्रॉनिक शटरवर पळती वस्तू तिरपी होणार की नाही, ते मात्र यावरच ठरतं. एका छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर एलईडी सेकंदाला 500 वेळा लुकलुकवला, त्याच्यासमोर लेन्स काढलेली बॉडी ठेवली, इलेक्ट्रॉनिक शटर 1/8000 वर लावलं आणि एक फोटो घेतला. फोटोत उजेड-अंधाराचे आडवे पट्टे येतात. त्यांतले उजळ पट्टे वरून खाली मोजायचे आणि 500 ने भागायचं. माझे वीस पट्टे आले, म्हणजे 40 मिलिसेकंद, सेकंदाचा पंचविसावा भाग. मग सहज सलग फ्रेमच्या मोडवर लावून पुन्हा घेतला, तर पट्टे अकराच!

दोन संध्याकाळी मी माझ्या सोल्डरिंगलाच दोष देत होते. तारा बदलल्या, दुसरा एलईडी लावला. शेवटी रॉ फाइल तपासली तेव्हा उलगडा झाला: सलग मोडमध्ये हा कॅमेरा 14 बिटऐवजी 12 बिटने, म्हणजे उजेडाच्या कमी पायऱ्यांत वाचतो, म्हणून वेगाने वाचतो. म्हणजे सलग मोडमध्ये वस्तू कमी तिरप्या होतात आणि छाया मात्र लवकर फाटतात. पहिल्या दिवशीच्या एकाही परीक्षणात यातलं काही नव्हतं. एलईडी आणि एक जेपेग एवढ्यावर भागणारी चाचणी आहे ही, प्री-प्रॉडक्शन (विक्रीआधीच्या) नमुन्यावरही होते, कारण वाचनाचा वेग हा प्रामुख्याने हार्डवेअरचा गुण. तुमच्यापैकी ज्यांना लवकर कॅमेरा हाताळायला मिळतो त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, एवढी एक फ्रेम घ्या.

करून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. ज्यांचा सेन्सर फार वेगाने वाचला जातो, उदाहरणार्थ मेकॅनिकल शटर मुळातच नसलेला निकॉन झेड9, तिथे 500 ला दोनएक पट्टे येतील आणि त्यावरून काही ठरवता येणार नाही. एलईडीचा वेग दहापट करा आणि शटरही जमेल तितकं वेगवान ठेवा. सोनीच्या ए9 थ्रीमध्ये ग्लोबल शटर आहे, म्हणजे सगळ्या ओळी एकाच वेळी टिपल्या जातात, तिथे पट्टेच येणार नाहीत, अख्खी फ्रेम एक तर उजळ नाही तर काळी.

हाताशी असलेली बॉडी भाड्याची आहे, परत द्यायला तीन दिवस उरलेत. फर्मवेअर 1.00 आहे तोवर काळ्या फ्रेम घेऊन ठेवायच्या आहेत: झाकण लावून, प्रत्येक आयएसओला सोळा, दोन्ही मोडमध्ये. अपडेट आल्यावर ही संधी जाईल. तुमच्याकडे कुठल्याही कॅमेऱ्याच्या पहिल्या आठवड्यातल्या मूळ रॉ फाइल पडून असतील तर त्या कृपया पुसू नका, मला कळवा. आज रात्री आयएसओ 100 पासून सुरुवात करते.