पेट्रोल विडर, डिझेल ट्रॅक्टर आणि तासाचा खर्च

आपल्याकडे ट्रॅक्टर म्हटला की डिझेलच, त्यामुळे पेट्रोल की डिझेल हा प्रश्न सहसा विडर (तण काढणारं, हाताने चालवायचं छोटं यंत्र) घेतानाच पडतो. पण फरक नेमका कळतो तो ट्रॅक्टरवरून. अमेरिकेत १९६० च्या दशकातही एकच मॉडेल दोन्ही इंधनांत मिळायचं (जॉन डिअर ४०२० त्यातलंच), आणि नेब्रास्का विद्यापीठ अशा ट्रॅक्टरांच्या चाचण्या घ्यायचं. त्यातून निघालेला ठोकताळा असा: वर्षभराची हलकी-जड कामं धरली तर पीटीओच्या (अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टच्या) दर एचपीमागे पेट्रोल इंजिन तासाला साधारण ०.२३ लिटर पितं, डिझेल इंजिन त्याच्या ७३ टक्के. म्हणजे पीटीओला ४० एचपी असेल तर पेट्रोल ९ लिटर, डिझेल साडेसहाच्या आसपास.

यातला सुमारे एक तृतीयांश फरक इंधनाचाच आहे. डिझेल जड असतं, एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा भरते. बाकीचा फरक इंजिनाचा. डिझेलचं कॉम्प्रेशन मोठं, आणि त्यात हवा अडवणारी झडप (थ्रॉटल) नसते. लोड कमी झाला की फक्त डिझेल कमी सुटतं. पेट्रोल इंजिनात कमी लोडला थ्रॉटल अर्धवट मिटतो आणि पिस्टनची ताकद हवा ओढण्यातच जाते. ट्रॉली, फवारणी, पेरणी ही सगळी अर्ध्या लोडची कामं, आणि पेट्रोल नेमकं तिथंच हरतं.

हा फायदा चालवणाऱ्याने घालवूही नये. पेरणीसारख्या हलक्या कामाला एक गिअर वर टाका आणि २१०० ऐवजी १६०० आरपीएमवर चालवा, वेग तोच राहतो. सायलेन्सरमधून काळा धूर आला की इंजिन दबतंय, गिअर खाली घ्या. रोटाव्हेटरला मात्र हे चालत नाही, तिथं पीटीओचे ५४० फेरे लागतातच.

विडरचं गणित वेगळं. त्याच ताकदीचं डिझेल इंजिन जवळपास दुप्पट वजनाचं. उसाच्या सरीत वळवताना ते हातांना आणि कमरेला कळतं. किमतीतला फरक तासाच्या इंधन-बचतीने भागा: फरक २०,००० आणि बचत तासाला ५० रुपये मानली तर ४०० तासांनी पैसे फिटतात. एकर-दोन एकराच्या कोळपणीला तेवढे तास भरायला कित्येक वर्षं जातील. तिथं पेट्रोलच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत. भाड्याने चालवणाऱ्याने डिझेल.

दुकानदाराने सांगितलेला ॲव्हरेज धरू नका. सपाट जागी टाकी काठोकाठ भरा, एक एकर उरका, त्याच जागी मापाने पुन्हा भरा. आकडा वाढलेला दिसला तर आधी एअर फिल्टर बघा, मग डिझेलला नोझल आणि पेट्रोलला चोक. चोक अर्धा ओढलेला राहिला की प्लग काजळतो आणि पेट्रोल उगाच जळतं.

डिझेलची टाकी कोरडी पडू देऊ नका. एकदा हवा धरली की फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, फेस जाईपर्यंत हातपंप मारत बसावं लागतं. पेट्रोलचा विडर महिनाभर उभा राहणार असेल तर इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी धरतं आणि कार्बोरेटरचा जेट बुजतो.