फौजेतून परतल्यावरचं पहिलं पिस्तूल

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत माजी सैनिक गल्लोगल्ली भेटतात. फोर्ट सॅम ह्यूस्टन, लॅकलँड, रँडॉल्फ हे लष्करी तळ शहरात किंवा शहराला लागूनच आहेत, त्यामुळे निवृत्तीनंतर इथेच घर केलेली माणसं खूप. आमची शेजारीण त्यातलीच. आर्मीत मेकॅनिक होती, इराकला जाऊन आली. आता हायवेवर बंद पडलेले ट्रक दुरुस्त करते, बहुतेकदा रात्री आणि एकटीच. म्हणून तिनं अंगावर लपवून बाळगायला पिस्तूल घ्यायचं ठरवलं आणि मला सोबत नेलं.

फौजीबाईला पिस्तुलाचं काय अप्रूप, असं मलाही वाटलं होतं. पण फौजेत तिच्या हाती असायची एम-फोर रायफल. पिस्तुलाशी संबंध जेमतेम. काउंटरवरच्या माणसानं गोळ्यांचं मॅगझिन काढून, वरची स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीमागची गोळी बसायची जागा, रिकामं असल्याचं दाखवलं. तरी तिनं स्वतः पुन्हा डोकावून पाहिलं, बोट टाकून चाचपलं. ट्रिगरवर बोट मात्र एकदाही गेलं नाही. मी हात पाठीमागे बांधून उभी होते. माझ्यासारख्या एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला काही मोजके अपवाद सोडले तर बंदूक बाळगायला संघराज्याच्या कायद्यानं बंदी आहे. इथे नव्यानं येणाऱ्या आपल्या मुलांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. मित्राबरोबर हौसेनं नेमबाजीच्या रेंजवर जाण्याआधीसुद्धा.

निवड ग्लॉक १९ आणि सिग पी ३६५ यांच्यात होती. सिग छोटं, शर्टाखाली सहज लपतं, पण हातात जास्त उसळतं आणि मुठीला पकड कमी मिळते. रेंजवर दोन्ही भाड्यानं घेऊन चालवल्यावर तिनं ग्लॉक घेतलं. त्याला अंगठ्यानं लावायची वेगळी सेफ्टी, म्हणजे ट्रिगर अडवणारी कळ, नसते. म्हणून ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, तिनं तिथल्या तिथे घेतलं. माझ्या मते त्या दिवसातला सर्वांत शहाणपणाचा खर्च तोच.

मग फॉर्म ४४७३, दुकानातून बंदूक घेताना भरायचा सरकारी फॉर्म. गुन्ह्याची शिक्षा, घरगुती हिंसाचार, गांजासह अमली पदार्थ, आणि सैन्यातून बेअब्रूनं काढलं गेलंय का, असे सगळे प्रश्न त्यात असतात. खोटं लिहिणं हा गंभीर गुन्हा. दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून पडताळणी करतो. ही यंत्रणा १९९८ पासून चालू आहे. हिरवा कंदील मिळाला आणि पिस्तूल त्याच दिवशी घरी आलं. टेक्सासमध्ये खरेदीनंतर ठरावीक दिवस थांबायची सक्ती नाही.

सप्टेंबर २०२१ पासून इथे २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. तरीही ती परवान्याच्या वर्गाला बसली. शाळेच्या हद्दीपासून १,००० फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल घेऊन रस्त्यानं जाणं केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे, राज्याचा परवाना असेल तर सूट. शहरात शाळा कुठे नाहीत?

मला काळजी होती ती वेगळीच. आपला जवान सुट्टीवर घरी येतो तेव्हा त्याची रायफल युनिटच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, जमा असते. इथेही आर्म्स रूम असते: सही करून घ्यायचं, सही करून परत द्यायचं. शस्त्र आणि एकट्या माणसाची वाईट रात्र यांच्यामध्ये तिथे कुणीतरी उभं असतं. घरी कुणी नसतं. अमेरिकेत २०२१ मध्ये ६,३९२ माजी सैनिकांनी आत्महत्या केली, आणि दहातल्या सात जणांच्या हाती बंदूक होती. हा आकडा माजी सैनिक खात्याचाच आहे. ते खातं बंदुकीची केबल-कुलपं फुकट देतं, आणि ९८८ लावून १ दाबलं की रात्री-अपरात्रीही माजी सैनिकांसाठी कुणीतरी फोनवर असतं.

हे तिच्यापाशी काढायला मला धीर गोळा करावा लागला. ती चिडली नाही. म्हणाली, "माझ्या युनिटमधले दोघे असेच गेले." मग तिनंच ठरवलं: कामावर नसताना पिस्तूल कुलूपबंद पेटीत, आणि मन ठिकाणावर नसेल तेव्हा पेटीच घराबाहेर. मी ठेवून घेतली असती, पण व्हिसामुळे ते जमणार नव्हतं. म्हणून तिच्या युनिटमधली मैत्रीण तयार झाली. ती जवळच राहते, आणि "पेटी घेऊन जा" एवढा निरोप आला की कारण न विचारता निघायचं, असं दोघींचं ठरलंय.