पिकअपचं पाणी जातंय कुठं

गेल्या डिसेंबरात पाचगणीजवळच्या भिलारचे एक आबा त्यांची जुनी डबल केबिन पिकअप घेऊन आमच्या साताऱ्यातल्या वाढे फाट्याच्या गॅरेजवर आले, सोबत त्यांचा मुलगा. गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, सीझनमधे रोज रात्री स्ट्रॉबेरी भरून खाली उतरते. आबा खुर्चीवर पण बसले नाहीत, उभ्या उभ्याच म्हणाले, "मेस्त्री, दोन दिसाला दीड लिटर पाणी पितीय आन् खाली थेंब दिसत नाय. दोन ठिकाणी दाखवली, दोघं बी हेड गॅस्केट म्हणाले. आता इंजिन उघडलं तर सीझन जातोय माझा."

मुलगा गप्प होता, मग हळूच म्हणाला की हीटर पण चालत नाही. आदल्या आठवड्यात पहाटे पसरणी घाट उतरताना काच आतून धूसर झाली, हा एका हातानं फडकं मारत आणि एका हातानं स्टेअरिंग धरत चालवत होता, आरसा कठड्याला घासून तुटला. हे ऐकल्यावर मी हातातलं दुसरं काम बाजूला ठेवलं. आपल्याकडं हीटर म्हणजे चैन समजतात, पण पाचगणी-महाबळेश्वरच्या माणसाला हिवाळ्यात काच साफ ठेवायला तोच लागतो.

पहिलं गॅस्केटचं बघितलं, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधला सील, तो गेला की पाणी इंजिनच्या आत जातं. ऑइल काळं स्वच्छ, दुधाळ झालेलं नाही, सायलेन्सरला पांढरा धूर नाही, थंड इंजिनवर रेडिएटरची कॅप काढून गाडी चालू ठेवली तर बुडबुडे पण नाहीत. एवढं दहा मिनिटात कळतं, ते न बघता गिऱ्हाइकाला इंजिन उघडायला सांगणं मला अजिबात पटत नाही.

मग इंजिन गरम करून हीटरचा नॉब फुल गरमवर ठेवला आणि इंजिनचं गरम पाणी हीटरला नेणारा आणि परत आणणारा असे डॅशच्या पत्र्यात जाणारे दोन्ही पाईप हातानं चाचपले. एक चटका बसेल असा आणि दुसरा नुसता कोमट, म्हणजे पाणी फिरतच नव्हतं. टॉर्च मारली तर इंजिनच्या मागं पाईप उलटा वळून चपटा झालेला. वर्षभरापूर्वी दुसरीकडं इंजिनचं काम झालं तेव्हा मुळातला साच्यातला वाकडा पाईप काढून सरळ पाईपच वाकवून बसवला होता, थंड असताना तो गोल दिसतो आणि गरम झाला की रबर मऊ पडून तिथंच दुमडतो.

पण पाणी जातंय कुठं ते अजून सापडलं नव्हतं. आबांना म्हणलं गाडी रात्रभर राहू द्या, सकाळी सेल्फ मारायच्या आधी बघायचीय. सहा वाजता, बोटं आखडतील अशा थंडीत, रेडिएटरवर प्रेशर टेस्टर लावला, १४ पीएसआय दाब भरला, आणि काटा हळूहळू खाली यायला लागला. दाताच्या डॉक्टरकडं असतो तसला छोटा आरसा हेडच्या मागं धरला तर हीटरच्या लोखंडी नळीवरच्या क्लिपखाली एक थेंब जमत होता, फुगला, सुटला, आणि गिअरबॉक्सच्या खोबणीत गेला, जमिनीवर काहीच नाही. पाईपचं टोक क्लिपखाली कडक झालेलं, थंडीत आकसलं की नळीला धरून राहत नाही, गरम झालं की फुगून पुन्हा बसतं, म्हणून दुपारी तपासणाऱ्याला तो लीक कधीच दिसत नाही.

दुसरी जागा अजून वाईट. तोच पाईप एका ब्रॅकेटच्या धारेवर टेकलेला. इंजिन हलतं, बॉडीचा पत्रा हलत नाही, मधे पाईपला जरा सैल जागा लागते, इथं तो ताणलेलाच होता त्यामुळं रोज घासत गेला. घासलेल्या जागेभोवती कुलंटचा, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात त्या द्रवाचा, हिरवट पांढरा थर जमलेला, गाडी चालताना तिथनं फवारा उडून सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातनं धूर बाहेर काढणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर पडायचा आणि वाफ होऊन जायचा. पाईप काढून ब्लेडनं उभा चिरला तर त्या जागी आतले दोरे उघडे पडलेले, नखानं दाबलं तर नख आरपार. आबांनी तो तुकडा हातात घेतला आणि मुलाकडं बघत राहिले.

साच्यातला पाईप साताऱ्यात मिळाला नाही. जुना पाईप नमुना म्हणून घेऊन तीन दुकानं फिरलो, शेवटी दुसऱ्या गाडीचा १६ एमएमचा काटकोनातला पाईप सापडला, त्याचा लांब पाय मापानं कापून घेतला. मधे जॉइंट टाकला असता तर काम तासाभरात झालं असतं, पण प्रत्येक जॉइंट म्हणजे दोन क्लिपा आणि लीकच्या दोन नव्या जागा. लोखंडी नळीला क्लिपखाली गंजानं खड्डे पडलेले, पॉलिश पेपर मारून जाणारे नव्हते, नळीच बदलली. पाईप मॅनिफोल्डपासून लांब, रबरवाल्या पट्ट्यात धरून, दोन बोटं सैल ठेवला आणि पत्र्याच्या भोकात नवीन ग्रोमेट, म्हणजे धार लागू नये म्हणून रबराची रिंग, बसवला. मग गाडी तोंड वर करून चढावर लावली, निम्मं कुलंट निम्मं पाणी भरलं आणि हीटरचा वरचा पाईप ढिला करून हवा संपून सलग धार येईपर्यंत थांबलो, हवा राहिली तर हीटर पुन्हा थंडच लागतो.

यवतेश्वरचा घाट चढवून आणली, दोन्ही पाईप सारखे गरम. ती रात्र पण गाडी ठेवूनच घेतली, सकाळी परत १४ पीएसआय भरलं आणि पंधरा मिनिटं काटा जागचा हलला नाही.

आबांना म्हणलं, इंजिनचं उजवं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरावर टेकतं ते, पण दबून गेलंय, इंजिन जास्त हलतं ते त्यामुळंच, मार्चनंतर माल कमी झाला की घेऊन या. ते बिलावर पण लिहून दिलंय.