दोन खोल्या, पण मीटर वेगळा

धाकटा न्यूकॅसलला असतो, सिडनीच्या वरच्या अंगाला. हे गेल्यापासून माझ्या राहण्याची काळजी त्यालाच जास्त. "आई, हरिपूरच्या रानात तुला टायनी होम करून देतो," हा त्याचा धोशा. टायनी होम म्हणजे एका खोलीएवढं इटुकलं घर. थोरला म्हणतो, त्यापेक्षा इथे सांगलीत, विश्रामबागेत आपल्याच घरामागे दोन खोल्या काढू. तिकडे ग्रॅनी फ्लॅट म्हणतात तेच. दोघांनी इतके व्हिडिओ पाठवले की माझा फोन भरला.

तिकडे चाकांवरचं घर कॅराव्हॅनमध्ये मोजतात, त्यामुळे रुंदी अडीच मीटरच्या आत आणि वजन साडेचार टनांच्या आत ठेवावं लागतं. ग्रॅनी फ्लॅटला न्यू साउथ वेल्समध्ये 60 चौरस मीटरपर्यंत मुभा, म्हणजे आपले साडेसहाशे चौरस फूट. पण तो मूळ घराच्या प्लॉटवरच, वेगळा काढून विकता येत नाही. मला ते आवडलं. निदान भावाभावांत वाटणीचा विषय निघायला नको.

व्हिडिओतली माणसं झोपायला शिडीने माळ्यावर चढतात. माझ्या गुडघ्यांना ते दाखवायचीही सोय नाही. इथला कंटेनरवाला म्हणाला, माळा नको, वीस बाय आठचा डबा देतो. मग मी गवंड्याकडून फक्की, म्हणजे आखायची पांढरी पूड, मागवली आणि अंगणात तो डबा आखून घेतला. आतून उष्णता अडवणारं पफ पॅनेल लावलं की रुंदी सात फुटांवर येते, म्हणून आत दुसरी रेघ. एका भिंतीला माझी तीन फुटी लोखंडी कॉट, समोर दीड फूट खोल कपाट. मध्ये उरले अडीच फूट. कपाटाचं दार उघडायचं तर मी कॉटवर पाय घेऊन बसायचं! देव्हाऱ्याला जागा फक्त फ्रिजवर. नातू रेघेवरून पळाला की मी ओरडायची, "अरे, भिंत आहे ती!"

आणि हरिपूरचं रान म्हणजे कृष्णा-वारणेच्या संगमाशेजारचं. 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं; धोक्याची पातळी 45. आमच्या उसाचे शेंडेसुद्धा दिसत नव्हते. 2021 ला पुन्हा तेच. बंद डबा पाण्यावर तरंगतो म्हटल्यावर धाकटा म्हणाला, "मग नांगर टाकू." शेतकऱ्याचा नातू शोभला! पूर नसेल तेव्हाही तिथली काळी माती पावसात फुगणार, उन्हाळ्यात भेगाळणार. पाया नीट घेतला नाही तर डबा कलंडून दारं अडकणार. शिवाय रानात कायमचं राहायचं तर बिगरशेतीची भानगड आहेच.

तेव्हा परसातल्याच खोल्या. पण खरा वाद तिथून पुढे सुरू झाला. सून म्हणाली, "आई, तुम्हाला खोल्या हव्यात तर बांधू, पण ओटा नको. लोक म्हणतील, सासूची चूल वेगळी केली." तिचं चुकत नाही, बोल तिलाच लागणार, मला नाही. पण मला पहाटे साडेचारला चहा लागतो, आणि तिच्या स्वयंपाकघरात चोरासारखं भांडं न वाजवता तो करायचा मला कंटाळा आलाय. ओटा हवा, बोळाकडे उघडणारं दार हवं आणि विजेचा मीटर माझ्या नावावर हवा. बिल माझ्या पेन्शनीतून जाईल.

न्हाणीघराच्या बाबतीत मात्र मी कुणाचंच ऐकणार नाही. ह्यांच्या शेवटच्या वर्षी व्हीलचेअर सव्वादोन फुटी दारातून जाईना. दोघांनी उचलून न्यायचं, आणि ते लाजेने डोळे मिटून घ्यायचे. नव्या न्हाणीघराला तीन फुटी सरकतं दार, उंबरा नाही, कमोडशेजारी भिंतीत पक्की दांडी.

साइड मार्जिन, म्हणजे कडेची मोकळी जागा, सोडल्यावर आर्किटेक्टने दोन्ही खोल्या मिळून पावणेतीनशे फूट बसवलेत. त्यातच न्हाणीघर. सून ओट्याला तयार झाली, पण तिच्या स्वयंपाकघरातून माझ्याकडे यायला मधलं दार ठेवायचं ह्या अटीवर. कडी कुठल्या बाजूला, ते अजून ठरायचंय. मी म्हटलं, दोन्हीकडे लावा.