राजमाची: काजवे, राब आणि माझी जुनी चूक

आठ वर्षांपूर्वी लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्याहून परतल्यावर मी काजव्यांनी लुकलुकणाऱ्या एका जांभळाच्या झाडाचा पत्ता लिहून छापला होता. तिथल्या उधेवाडी गावातून कुठला बांध धरायचा, कुठे वळायचं, सगळं अगदी पावलांच्या हिशोबाने. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात परत गेलो, तर त्या बांधावर करवंदीच्या काट्यांची वई, म्हणजे कुंपण, घातलेली.

जिथे उतरलो होतो त्या घरच्या काकांना विचारलं. म्हणाले, "राबात तंबू ठोकतात हो. काळी जमीन दिसली की त्यांना वाटतं, मोकळंच रान आहे."

राब म्हणजे आपल्याला दिसते ती जळकी, ओसाड जागा. पण पालापाचोळा, शेण, टहाळ पसरून ती मुद्दाम भाजलेली असते. पावसाच्या तोंडावर तिथे भाताचं बी पडतं आणि पुढे त्याच रोपांवर बाकीच्या खाचरांची लावणी होते. म्हणजे दोन तंबूंखाली तुडवला जातो तो वावराचा कोपरा नव्हे, वर्षाचा भात. पत्ता छापणारा मीच, हे सांगायला माझी जीभ काही रेटली नाही.

आता वाटेचं. कर्जतहून रिक्षाने कोंदिवडे, तिथून चढ. वाटेत थोडं बाजूला कोंढाणे लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. पहाटे निघालात तरच ती निवांत बघून होतात. जूनमधला दमटपणा घाम काढतो, गावापर्यंत तीन तास धरा आणि माणशी तीन लिटर पाणी घ्या. लोणावळ्याकडून साधारण 15 किलोमीटर चाल आहे, चढ कमी. पण शनिवारी रात्री त्या रस्त्यावर गाड्यांच्या दिव्यांपुढे काजवे दिसायचेच नाहीत. मधल्या वारी जा. रात्री जंगलात फिरण्यावर वनखात्याची बंदी असू शकते, ती आधी विचारून घ्या.

तंबू नेऊ नका, घराच्या पडवीत झोपा. किती जण येणार ते आदल्या दिवशी कळवा आणि तेवढेच या. आम्ही होतो त्याच्या आदल्या दिवशी वीस जणांचं जेवण सांगून एक गट आलाच नव्हता. काकूंनी चुलीपुढे बसून थापलेल्या भाकऱ्या गुरांपुढे गेल्या. पैसे रोख न्या. पिठलं-भाकरीच्या दरात घासाघीस करणाऱ्यांनी लोणावळ्यात चिक्कीचा भाव आठवावा. आणि आंघोळ घरी गेल्यावर करा. पाऊस लागेपर्यंत गावात पाण्याची ओढाताण असते, तुमची बादली कुणाच्या तरी डोक्यावरून आलेली असते.

काजव्यांपाशी टॉर्च नको, मोबाइलचा दिवाही नको. नर उडता उडता लुकलुकतो, मादी बसल्या जागेवरून उत्तर देते. आपल्या उजेडात हा संवाद तुटतो. झाडाखाली बसकणही मारू नका, त्यांची अंडी आणि अळ्या त्याच ओल्या मातीत असतात.

कुठलं झाड, ते या वेळी लिहीत नाही. गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या, त्याची मजुरी द्या आणि तो नेईल तिथे जा. काकांनी मला नेलं ते झाड जांभळाचं नव्हतंच.