मूळ संख्यांच्या बेरजा : १० चे ५ की १६?

गेले तीन आठवडे एकाच प्रश्नावर प्रोग्राम लिहितोय : दिलेला पूर्णांक मूळ संख्यांच्या बेरजेत किती रीतींनी मांडता येतो? क्रम वेगळा असला तरी रीत तीच धरायची, आणि एकच मूळ संख्या कितीही वेळा वापरायला मुभा.

एराटोस्थेनिसची चाळणी (पटीतल्या संख्या खोडत मूळ संख्या शोधायची रीत) पहिल्याच दिवशी झाली, तिच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. पुढचा भाग म्हणजे सुट्ट्या पैशांचा हिशोब, फक्त नाणी २, ३, ५, ७ अशी. एक अ‍ॅरे (आकडे ठेवायच्या घरांची ओळ) घेतला, शून्याच्या घरात १ ठेवला आणि प्रत्येक बेरजेच्या घरात (बेरीज − मूळ संख्या) या घरातला आकडा मिळवत गेलो.

१० साठी उत्तर आलं १६. कागदावर मांडून पाहिलं तर पाचच निघतात : ७+३, ५+५, ५+३+२, ३+३+२+२ आणि पाच वेळा २. दोन संध्याकाळी चाळणीतच चूक शोधत बसलो. शेवटी त्या पाच ओळींचे क्रम मोजले : २, १, ६, ६, १. बेरीज १६! म्हणजे प्रोग्राम ७+३ आणि ३+७ वेगळे धरत होता. बेरजेचा लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा भाग) बाहेर आणि मूळ संख्यांचा आत, एवढंच कारण. अदलाबदल केली की एक मूळ संख्या पूर्ण संपवूनच पुढची हातात घेतली जाते, मग ३ नंतर पुन्हा २ यायला वावच राहत नाही. लगेच ५ आले. आतला लूप मोठ्या बेरजेकडून लहानीकडे उलटा फिरवला, तर प्रत्येक मूळ संख्या एकदाच वापरली जाते. तेव्हा १० साठी २ च रीती उरतात, ७+३ आणि ५+३+२.

पण पडताळा दुसऱ्या वाटेनेही हवा होता. एक सुंदर सूत्र आहे : १ ते न पर्यंतच्या प्रत्येक क साठी, ज्यांनी क ला भाग जातो अशा वेगवेगळ्या मूळ संख्यांची बेरीज घ्या, तिला (न − क) च्या रीतींनी गुणा, सगळं मिळवा आणि न ने भागा. १० साठी हातानेच केलं : ६+९+४+१०+५+७+२+०+७ = ५०. दहाने भागून ५. हा भागाकार दर वेळी बिनबाकी सुटतो हे पाहताना अजूनही अंगावर काटा येतो. ७१ ला दोन्ही वाटांनी ५००७ आले (पाच हजारांचा टप्पा ओलांडणारी ही पहिलीच संख्या), १०० ला ४०८९९.

आता फक्त दोनच मूळ संख्यांच्या बेरजा मोजतोय, म्हणजे गोल्डबाखने १७४२ मध्ये गणितज्ञ ऑयलरला पत्रातून कळवलेल्या अनुमानाचा प्रांत (२ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हे ते अनुमान). ९८ ला ३ जोड्या, १०० ला ६, पण ९० ला ९! ९० ला ३ ने भाग जातो. त्यामुळे ३ सोडून कुठलीही मूळ संख्या वजा केली तरी उरलेल्याला ३ ने भाग जात नाही, म्हणून तो मूळ निघण्याची शक्यता वाढते. आलेख काढला तर ३ च्या पटीतल्या सम संख्यांचा पट्टा वर वेगळा उठून दिसायला हवा. १०,००० पर्यंतचे आकडे फाइलमध्ये तयार आहेत, या रविवारी ठिपके टाकून बघतो. कुणी ५ आणि ७ च्या पटींचे पट्टे वेगळे काढून पाहिले असतील तर जरूर सांगा.