कोजागरीनंतरचा रविवार

दीपप्रज्वलन, स्वागत, वार्षिक हिशेब हे सगळं वीस मिनिटांत उरकतं, आणि उरकावंच. इंदूरच्या आमच्या मंडळाचा मेळावा खरा सुरू होतो तो त्यानंतर. ट्यूबलाइट मालवल्या जातात, पडद्यावर माळव्यातला एखादा माळ किंवा डोह उमटतो आणि कुणीतरी त्यावरची कविता वाचायला उभं राहतं.

कोजागरीनंतरचा रविवार आम्ही मसाला दुधासाठी धरला, असा बऱ्याच जणांचा समज आहे. कारण वेगळं आहे. पातालपाणी आणि तिंछा हे धबधबे भरून वाहत असतानाचे फोटो तोवर हाती आलेले असतात आणि हवेतला ओलावा उतरलेला असतो. भर पावसाळ्यात छापील फोटो-कवितांचं प्रदर्शन लावलं की दुहेरी टेप सुटते, सनबोर्डावरचा म्हणजे फोमच्या पुठ्ठ्यावरचा कागद कोपऱ्यांतून उचलला जातो आणि दुपारपर्यंत निम्म्या चौकटी वाकतात.

मंडळाचे मुख्य नियम दोनच. पहिला, फोटो काढणाऱ्याने स्वतःच्या फोटोवर लिहायचं नाही. गणेशोत्सवात फोटो गोळा होतात, चिठ्ठ्या टाकून कवींना वाटले जातात आणि लिहायला तीन आठवडे मिळतात. दुसरा, फोटोत जे दिसतं त्याचं नाव कवितेत घ्यायचं नाही. धबधब्याच्या फोटोवरच्या कवितेत ‘धबधबा’ आला की कविता परत जाते. महेश्वरच्या घाटाच्या ओल्या, रिकाम्या पायऱ्यांचा फोटो असेल आणि कविता आईच्या टाचेवरच्या भेगांची असेल, तर ऐकणारा नर्मदा आपणच आणतो. कवितेनेही पुन्हा पायऱ्याच मोजल्या तर दोघांपैकी एकाची गरज उरत नाही. चित्र आणि पद्य एका पानावर नांदणं माळव्याला नवं नाही. सतराव्या शतकातल्या माळवा शैलीच्या रागमाला, म्हणजे रागांवरच्या, चित्रांत वरच्या पट्टीत पद्य आणि खाली चित्र असंच असे.

कविता आठ ओळींचीच. यावर दरवर्षी वाद होतो. संथपणे वाचल्या तर आठ ओळींना अर्धा मिनिट लागतो आणि तेवढाच वेळ एका चित्रावर डोळा टिकतो. बालकवींचं ‘औदुंबर’ आठच ओळींचं आहे, एवढं सांगितलं की वाद मिटतो.

फोटोंचं म्हणाल तर पळस सगळ्यांत जास्त बिघडतो. त्याच्या केशरी फुलांत लाल रंग इतका भरतो की पाकळ्यांच्या रेषा जाऊन नुसता रंगाचा थर उरतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, अर्धा ते पाऊण स्टॉप खाली ठेवायचं. जानेवारीतल्या धुक्याचं उलट. कॅमेरा धुक्याला राखाडी करून टाकतो, तिथे तेवढंच वर जायचं. पातालपाण्याला ट्रायपॉड आणि पाव ते एक सेकंद शटर पुरे. त्याहून लांबवलं की पाण्याचा कापूस होतो. तुषार मात्र दर दोन फोटोंमागे फिल्टरवरून पुसायचे, कारण तो थेंब मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाही आणि 18 इंचांच्या छापात हटकून दिसतो. महेश्वरचा घाट नदीच्या उत्तर काठावर, दक्षिणेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ ऊन बाजूने येतं आणि दगडाचं कोरीव काम उठतं. सिरपूरच्या तलावावर पाखरांचे सुंदर फोटो येतात, पण पाखरू मधोमध बसलं की कवितेला जागा राहत नाही. हे माझं मत आहे, निवड समितीत सगळ्यांना ते पटत नाही.

व्हॉट्सॲपवरून साध्या दर्जात पाठवलेला फोटो जेमतेम 1600 पिक्सेलचा उतरतो. 12 × 18 इंचांवर नीट छापायचा तर 3600 × 5400 लागतात. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ही सूचना दरवर्षी जाते आणि दरवर्षी चार जण विसरतात. कागद मॅटच घ्यायचा. चकचकीत कागदावर ट्यूबलाइटच आधी दिसते.

फोटोखालच्या कवितेच्या छापील पट्टीचं दुखणं खास इंदूरचं आहे. इथले डीटीपी करणारे हिंदीला सरावलेले. त्यांच्या हातून ‘आभाळ’चं ‘आभाल’ होतं आणि ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र मोडून ‘वार्यावर’ होतो. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी नुसत्या खुणा दिसतात. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये, मराठी वळणाचे ल आणि श असलेल्या फॉन्टात लावायचा, फॉन्टसकट पीडीएफ करायची आणि छापण्याआधी प्रत्येक ळ बोटाने मोजायचा. अक्षर 28 पॉइंटपेक्षा लहान नको, चार-पाच फुटांवरून चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. पट्टी फोटोच्या खाली, चार बोटं अंतर सोडून. फोटोवरच अक्षरं छापली तर दोन्ही गुदमरतात.

पडद्याचं सगळं शनिवारी संध्याकाळी त्याच प्रोजेक्टरवर तपासायचं. माळव्याची काळी माती तिथे एकच काळा डाग होऊन बसते, सावल्या थोड्या उजळाव्या लागतात. उभा फोटो पडद्याची निम्मी जागाही घेत नाही, पण म्हणून तो ताणायचा नाही.

हे सगळं नीट जमलं की ते घडतं ज्यासाठी मी दरवर्षी पहिल्या रांगेत बसते. फोटो येतो आणि पाच-सहा सेकंद कुणी बोलत नाही. कविता वाचली जाते. मग फोटो काढणारा दोन मिनिटं बोलतो. ही माणसं बँकेतली, वीज मंडळातली, दवाखान्यातली, व्यासपीठाची सवय नसलेली. लेन्स आणि शटरचे आकडे त्यांना तोंडपाठ असतात, पण दुसऱ्या कुणी आपल्या फोटोवर लिहिलेलं ऐकल्यावर ते आकडे बाजूला राहतात. “हे मी काढताना पाहिलंच नव्हतं,” या अर्थाचं वाक्य दरवर्षी कुणी ना कुणी बोलतं, आणि दरवर्षी माझे डोळे भरून येतात.

खंत एकच. दुधाच्या वेळी दीडशे माणसं असतात, पहिल्या कवितेला साठ. आपल्या मुलाचा फोटो झाला की उठून जाणाऱ्यांचं मला अजून वाईट वाटतं. पुढच्या कवितेसाठी कुणीतरी तीन आठवडे झुरलेलं असतं.

आता ज्यांच्याविना हे होत नाही ते. चौकटी आणि हुक स्वतःच्या स्कूटरवरून आणणारे काका. पोह्यांवर शेव आणि जिरावण मसाला वेगवेगळं ठेवायची आठवण ठेवणाऱ्या मावशी. दूध आटवायला पहाटेच बसणाऱ्या दोघी जावा. शुद्धलेखन तपासणाऱ्या निवृत्त शिक्षिका, आमचे ळ त्यांच्यामुळे शाबूत आहेत. लॅपटॉपची केबल आणि तिचं जास्तीचं अडॅप्टर खिशात बाळगणारा कॉलेजातला मुलगा. खुर्च्या मोजून परत करणारे भाऊ. दाराशी बसून येणाऱ्यांची नावं लिहिणाऱ्या ताई, त्यांची एकही कविता पूर्ण ऐकून होत नाही. सभागृह सवलतीत देणारे विश्वस्त. छपाईवाले, शनिवारी रात्री दहालाही फोन उचलणारे. कुणी राहिलं असेल तर मंडळाच्या वहीत माझ्या हाताने नाव घालीन.

आणि सभागृहाचे चौकीदार दादा. त्यांना मराठी फारसं येत नाही. तरी कविता वाचणारा थांबला की ते बटणावरचा हात तसाच ठेवतात, आणि फोटोवाल्याचं बोलणं संपून टाळ्या विरल्याशिवाय दिवा लावत नाहीत.